मुक्तद्वार पद्धती (ग्रंथालये)

मुक्तद्वार पद्धती : ग्रंथालयातील कपाटांपर्यंत वाचकाला थेट जाऊ देऊन, पुस्तके हाताळून व चाळून त्याची त्यालाच निवडू देण्याची व्यवस्था. याउलट बंदद्वार पद्धतीत वाचक यादीतला क्रमांक चिठ्ठीवर लिहून खिडकीत देतो आणि सेवक आतून पुस्तक आणून देतो. ‘मुक्तद्वार’ हा शब्द मराठीत मूळचा अन्नदानाचा : येईल त्याला जेवण, मज्जाव कोणाला नाही. ग्रंथालयशास्त्राने तो उचलला आणि तो चपखल बसला. पंगतीत न मागितलेला पदार्थही पानात पडतो, तसेच येथे होते. चिठ्ठी लिहायची तर पुस्तकाचे नाव आधी ठाऊक असावे लागते. मोकळ्या फळीपुढे ती अट उरत नाही. कादंबरीसाठी आलेला वाचक पक्ष्यांवरचे पुस्तक घेऊन जातो तो याच वाटेने. वेगवेगळ्या प्रकारची पुस्तके वाचण्याची गोडी वाचकाच्या स्वभावाइतकीच फळ्यांच्या मांडणीतून आणि देवघेवीच्या नियमांतून लागते, म्हणून या नोंदीत त्या दोहोंचा तपशील अधिक दिला आहे.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोणाकडे द्यावा याविषयी एकमत नाही. संदर्भग्रंथ वाचकाच्या हाताशी ठेवण्याची प्रथा जुनी आहे. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील गोल वाचनकक्षात १८५७ पासून सुमारे २०,००० संदर्भग्रंथ वाचक स्वतः काढून घेऊ शकत. परंतु घरी न्यायची पुस्तके मोकळी ठेवणे ही निराळी गोष्ट आहे, आणि काही ग्रंथांत दोन्ही एकत्र धरल्याने सनावळीचा घोळ झालेला दिसतो. देवघेव विभागापुरते बोलायचे तर इंग्रज लेखक या आरंभासाठी जेम्स डफ ब्राउन या ग्रंथपालाचे नाव घेतात. लंडनमधील क्लार्कनवेलच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्याने १८९४ मध्ये ही पद्धत सुरू केली. अमेरिकन लेखक ऱ्होड आयलंडमधील पॉटकेटच्या ग्रंथपाल मिनर्व्हा सँडर्स यांच्याकडे बोट दाखवतात. त्यांनी ब्राउनच्या पुष्कळ आधी कपाटे उघडी केली होती. नेमके वर्ष निरनिराळे दिले जात असले तरी ते १८९० च्या अलीकडचे नाही. ब्राउन स्वतः १८९३ मध्ये अमेरिकेत जाऊन आला होता. तेव्हा कल्पनेचे श्रेय अमेरिकेकडे आणि तिला घातलेल्या कुंपणाचे श्रेय ब्राउनकडे, ही वाटणी अधिक सयुक्तिक वाटते.

हे कुंपण महत्त्वाचे होते. ब्राउनने आपल्या पद्धतीला ‘सुरक्षित’ मुक्तद्वार म्हटले. आत येण्याचे आणि बाहेर पडण्याचे फाटक वेगळे, दोन्हींच्या मध्ये कर्मचारी. आधीचे पुस्तक जमा करून तिकीट घेतल्याशिवाय आतले फाटक उघडत नसे आणि नव्या पुस्तकाची नोंद झाल्याशिवाय बाहेरचे. त्या काळी इंग्लंडमध्ये कॉटग्रीव्हच्या दर्शकफलकाचे (१८७७) प्रस्थ होते : काउंटरवर बारीक खाचांची भिंत, प्रत्येक खाचेत एका पुस्तकाचा क्रमांक, पुस्तक आत असल्यास एक रंग दिसे, बाहेर गेले असल्यास दुसरा. वाचक या क्रमांकांच्या भिंतीपुढे उभा राहून पुस्तक मागे. फलकवाले आणि मुक्तद्वारवाले यांच्यातील वाद पुढे बरीच वर्षे चालला.

‘ब्राउन पद्धती’ या नावाबाबतचा घोळ येथेच दूर केलेला बरा, कारण ग्रंथालयशास्त्राच्या काही पुस्तकांत तो आजही आढळतो. मुक्तद्वार ग्रंथालयांत वाचकाचे तिकीट आणि पुस्तकाच्या नोंदीचे पुस्तकपत्र एकत्र ठेवून देवघेव नोंदवण्याची जी पद्धत रूढ झाली, ती जेम्स डफ ब्राउनची नव्हे. ती बॉस्टनमधील नीना ब्राउन यांची असून १८९५ च्या सुमारास पुढे आली. रोमन लिपीत दोन्ही आडनावांच्या अखेरीस एका अक्षराचा फरक आहे. देवनागरीत तो पुसला जातो आणि दोन व्यक्तींची एक होते. एकाच दशकात, एकाच क्षेत्रात, एकमेकांस पूरक अशा दोन गोष्टी दोन ब्राउनांनी केल्यामुळे ही चूक पटकन लक्षातही येत नाही.

भारतात : एकोणिसाव्या शतकातील ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या प्रकारच्या संस्था बंदद्वारच होत्या. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे मानले जाते; नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे आणि पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे. पुस्तके महाग, वर्गणीदार मोजके आणि कपाटांना कुलपे, अशी ही व्यवस्था होती. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) यांनी मराठी पुस्तके जमवण्याला अग्रक्रम दिला. जतनाला प्राधान्य असले की कुलूप सुटत नाही.

वेगळी वाट बडोदे संस्थानाने धरली. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुक्तद्वार त्याच्याच कारकिर्दीत आले. त्याच्यामागून काम पाहणारे जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी तेथील ग्रंथालय चळवळीचा वृत्तांत १९१९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. बडोद्याहून निघणारे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत असे. पुढे मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात शियाळी रामामृत रंगनाथन यांनी हीच पद्धत राबवली आणि तिला तात्त्विक बैठक दिली. त्यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रांपैकी तिसरे सूत्र, ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’, याचा पहिला व्यावहारिक अर्थ त्यांनी मुक्तद्वार हाच लावला. दुसरे सूत्र वाचकाला त्याचे पुस्तक मिळवून देण्याचे आहे, तिसरे पुस्तकाच्या बाजूने उभे राहते. जे पुस्तक कोणी मागत नाही, त्याला फळीवर दिसण्याखेरीज दुसरा आधार नसतो.

मांडणी : बंदद्वार ग्रंथालयात पुस्तके दाखलांकाने (ग्रंथालयात दाखल झाल्याच्या क्रमाने दिलेल्या अंकाने) लावली तरी चालते, मुक्तद्वारात विषयवार वर्गीकरण अटळ ठरते. त्यासाठी जेम्स डफ ब्राउनने स्वतःचे वर्गीकरण (१९०६) रचले. आपल्याकडे ड्यूईची दशांश पद्धती (१८७६) सर्वाधिक चालते. तिच्यातले शेजार पाहण्यासारखे आहेत. फलज्योतिष १३३ मध्ये, मानसशास्त्र १५० मध्ये. पाळीव जनावरे ६३६ मध्ये, पाककृती ६४१ मध्ये. प्रवास ९१०, चरित्रे ९२० आणि भारताचा इतिहास ९५४ हे ओळीने. ज्योतिषाकडून मानसशास्त्राकडे सरकायला वाचकाला दोन पावले पुरतात. योगाची मात्र फाटाफूट होते : दर्शन म्हणून १८१.४५, व्यायाम म्हणून ६१३.७. आसनांच्या पुस्तकासाठी आलेल्याला पातंजल योगाची पुस्तके दिसतच नाहीत. अशा जागी फळीवर ‘हेही पहा’ अशी लाकडी ठोकळ्यावर चिकटवलेली पट्टी ठेवावी.

रंगनाथन यांनी आदर्श फळीचा क्रम सांगितला तो असा : परके, सीमेवरचे, नेमके, सीमेवरचे, परके. वाचक नेमक्यापाशी येतो, नजर दोन्ही बाजूंना पसरते आणि सीमेवरचे एखादे पुस्तक हाती लागते.

मराठी ललित वाङ्मय ८९१.४६ खाली येते : कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३, निबंध ८९१.४६४. लहान वाचनालयांत मात्र कादंबरी, कथा, चरित्र, नाटक, प्रवास असे सरळ विभाग करून आत लेखकाच्या आडनावाचा अकारविल्हे क्रम लावतात, आणि दहा-पंधरा हजार पुस्तकांपर्यंत ते पुरते. अडचणी अकारविल्हेत येतात. क्ष आणि ज्ञ अनुक्रमे क आणि ज खाली घ्यायचे की शेवटी, अनुस्वार आधी की नंतर, हे ठरवून एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवावे. नाहीतर प्रत्येक नवा सेवक आपला क्रम लावतो. टोपणनावांचा प्रश्न त्याहून बिकट आहे. कुसुमाग्रजांच्या कविता क मध्ये आणि वि. वा. शिरवाडकरांची नाटके श मध्ये. कवितेत गोविंदाग्रज, विनोदी लेखनात बाळकराम आणि नाटकात राम गणेश गडकरी. ग्रंथालयशास्त्राच्या शिस्तीप्रमाणे एक नाव ठरवून उरलेल्यांकडून निर्देश द्यावा. पण मोकळ्या फळीवर वाचक पुठ्ठ्यावरचे नाव शोधतो, म्हणून पुस्तकावर छापलेल्या नावानेच लावणे आम्हांस अधिक सोयीचे वाटते.

फळीचे गणित सोपे आहे. ९० सें.मी. लांबीच्या फळीवर सरासरी २ सें.मी. जाडीची ४५ पुस्तके मावतात. ठेवावीत ३० ते ३५. गच्च भरलेल्या फळीतून पुस्तक ओढताना बोट कण्याच्या वरच्या टोकात अडकते आणि बांधणी तिथूनच फाटते. फार सैल असल्यास पुस्तके कलंडून शिवण ढिली होते, तेव्हा शेवटी लोखंडी टेकू हवा. सगळ्यांत वरची फळी पावणेदोन मीटरच्या वर नसावी. जमिनीलगतची फळी किमान १५ सें.मी. उंच असावी. कोकणात ओलीमुळे आणि इतरत्र फरशी पुसण्याच्या पाण्यामुळे खालच्या पुस्तकांचे पुठ्ठे फुगतात. दोन रांगांमध्ये सव्वा मीटरहून अधिक वाट ठेवावी, कारण एक वाचक उकिडवा बसला असताना दुसऱ्याला मागून जाता आले पाहिजे. खालच्या फळीवरची पुस्तके कमी जातात. दर सहा महिन्यांनी विभाग एक फळी वर सरकवला की हा फरक बराच भरून निघतो.

मराठी पुस्तकांपुरती आणखी एक अडचण कण्याची. ऐंशी पानांची नाटके, एकांकिका आणि काव्यसंग्रह यांना नाव छापण्याइतका कणाच नसतो. दोन जाड कादंबऱ्यांमध्ये असे पुस्तक शिरले की ते असून नसल्यासारखे. ती वीस-वीसच्या गठ्ठ्याने उघड्या खोक्यात, मुखपृष्ठ समोर करून ठेवावीत, म्हणजे वाचक पत्ते चाळावेत तशी चाळतो. फेरबांधणीत याहून मोठे नुकसान होते. बाइंडर मूळ मुखपृष्ठ काढून टाकतो, काळे किंवा तपकिरी रेक्झिन चढवतो आणि कण्यावर पांढऱ्या रंगाने नाव घालतो. अशा चाळीस काळ्या पुस्तकांची रांग बंदद्वारात चालून जाते. मोकळ्या फळीवर ती वाचकाला परतवून लावते. बांधणीला देतानाच मूळ मुखपृष्ठ नव्या पुठ्ठ्यावर डकवून देण्याची अट घालावी.

देवघेव : नीना ब्राउन यांच्या पद्धतीत पुस्तकाच्या मागील पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा असतो. त्यात दाखलांक, लेखक व नाव लिहिलेले पुस्तकपत्र असते आणि शेजारच्या पानावर तारीखपट्टी डकवलेली असते. सभासदाला जितकी पुस्तके नेता येतात तितकी पाकिटासारखी तिकिटे मिळतात. पुस्तक देताना पट्टीवर मुदतीचा शिक्का मारायचा, पुस्तकपत्र तिकिटात सरकवायचे आणि ही जोडी त्या तारखेच्या मागे दाखलांकाच्या क्रमाने पेटीत लावायची. पुस्तक परत आले की पट्टीवरची तारीख पाहून जोडी काढायची, पत्र खिशात आणि तिकीट वाचकाच्या हातात. एकदा हात बसला की हे काही सेकंदांचे काम आहे. शिक्क्याची तारीख बदलायला सकाळी विसरले तर मात्र दिवसभराच्या जोड्या चुकीच्या तारखेमागे जातात. पट्टी आणि पेटी यांचा मेळ बसला नाही, तर पुस्तक हातात असून पत्र सापडत नाही. या पद्धतीत वाचकाने वर्षभरात काय वाचले याचा कागद उरत नाही. सभासदवार पान असलेल्या नोंदवहीत तो उरतो, आणि खेड्यांतील वाचनालयांत नोंदवही टिकून राहण्याचे ते एक कारण असावे.

तिकिटांच्या संख्येचा वाचनाच्या वैविध्याशी थेट संबंध आहे. अमेरिकेत १८९० च्या दशकात दोन पुस्तकांची पद्धत आली. दुसरे पुस्तक नेता येई, पण ते कथा-कादंबरी नसावे. सक्ती न करता वाचकाला दुसऱ्या कपाटाकडे वळवण्याची ही युक्ती होती. मराठी वाचनालयांतील ‘एक पुस्तक, एक मासिक’ हा रिवाज तिच्याच जातीचा. दोहोंत काही ऐतिहासिक दुवा आहे असे नव्हे.

हानी : मुक्तद्वाराविरुद्धचा नेहमीचा आक्षेप चोरीचा. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत (२०१७, नियम २१५) वर्षभरात दिलेल्या वा हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी वाजवी धरली आहे, अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसेल तर. एक हजार रुपयांहून महाग ग्रंथांची, तसेच कोणत्याही किमतीच्या दुर्मीळ ग्रंथांची चौकशी मात्र करावीच लागते. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाने दरवर्षी पूर्ण मोजणी करावी, असेही त्यात आहे. प्रत्यक्षात चोरीपेक्षा चुकीच्या जागी गेलेली पुस्तके अधिक छळतात. कित्येक ‘हरवलेली’ पुस्तके मोजणीच्या वेळी शेजारच्याच कपाटात सापडतात. काही वाचक हवे असलेले पुस्तक मुद्दाम दुसऱ्या विभागात दडवून ठेवतात. परीक्षांच्या दिवसांत हे विशेष.

सातारा जिल्ह्यातील भिलार या ‘पुस्तकांच्या गावा’चा उल्लेख मांडणीच्या संदर्भात येथे करावा लागेल. मे २०१७ मध्ये तेथे सुमारे १५,००० पुस्तके घरे, शाळा, मंदिरे अशा पंचवीस ठिकाणी मोकळी ठेवली गेली, परंतु साहित्यप्रकारानुसार वाटून. दार उघडे असले तरी शेजार तुटतो. विनोदाच्या घरातून इतिहासाकडे जायला रस्ता ओलांडावा लागतो.

परतीचे टेबल : ‘पुस्तक फळीवर परत ठेवू नये, टेबलावर ठेवावे’ ही पाटी मुक्तद्वार ग्रंथालयात हवीच. एकतर चुकीच्या जागी जाणे टळते. शिवाय संध्याकाळी त्या ढिगाची विषयवार मोजणी केली की कोणता विभाग नुसता चाळला जातो आणि कोणता घरी जातो, ते कळते. जमा झालेली पुस्तके लगेच जागेवर न लावता दिवसभर काउंटरजवळ मांडून ठेवण्याची रीतही चांगली. वर्गीकरणाने न जुळवलेला असा हा एकच ढीग असतो. शेतीवर नाटक, नाटकावर डॉक्टरचे अनुभव. येणाऱ्यांतले बरेच जण कपाटांकडे वळण्याआधी येथेच थांबतात आणि ढिगाची उंची दुपारपर्यंत निम्मी होते.