ताटातली भाकरी गेली कशी, अन् परत यायलीय कशी

आमच्या लातूरकडं आता घरोघरी एकच बोलणं चालूय. कुणाला शुगर निघाली, कुणाचं बीपी वाढलं अन् डॉक्टरनं सांगितलं की भाकरी खा, पालेभाजी खा, तेल कमी करा. ऐकून माझ्या आईला नवल वाटतं, कारण तिच्या लहानपणी हे पथ्य नव्हतं, रोजचं जेवणच होतं! मग ते सुटलं कसं हे बघितलं पाहिजे, म्हणजे परत कसं आणायचं तेबी कळतं.

सुरुवात १९७२ च्या दुष्काळापासून करावी लागते. मराठवाड्यात ज्वारी म्हणजे सगळंच, माणसाला दाणे अन् जनावराला कडबा. त्या वर्षी रानात काहीच आलं नाही, लोक खडी फोडायला, नाला बांधायला गेले, कामावर सुकडी वाटली जायची अन् रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारीच. आमच्या घरातली जुनी माणसं मिलोच्या भाकरीचं नाव काढलं की अजून तोंड वाकडं करतात. पण दुकानातून धान्य आणायची सवय तिथूनच घट्ट झाली असं मला वाटतं. पुढं रेशनला गहू अन् तांदूळच जास्त आला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये अन् भरडधान्य म्हणजे ज्वारी-बाजरी १ रुपया किलो असा भाव ठरला, माणशी महिन्याला ५ किलो, पण आमच्या पोत्यात भरडधान्य क्वचितच पडलं. अन् २०२३ पासून तर रेशनचं धान्य फुकटच झालं. फुकटचा गहू घरात असताना बाजारातून महाग ज्वारी कोण आणणार, गरिबाला दोष देऊन उपयोग नाही.

दुसरीकडं रान बदललं. खरिपाची हायब्रीड ज्वारी काढणीला आली की परतीच्या पावसात काळी पडायची, भाव मिळायचा नाही, मग तिथं सोयाबीन आलं अन् लातूरचं मार्केट सोयाबीनवरच चालायला लागलं. रब्बीची मालदांडी ज्वारी टिकली, पण तिचं काम लई कष्टाचं, पाखरं राखा, ताटं उपटा, कणसं मोडा, पेंढ्या बांधा. मजूर मिळंना, ट्रॅक्टर आले तसे बैल गेले, बैल गेले तसा कडबा कशाला पाहिजे.

आता माझा खरा मुद्दा. गव्हाला मी शिव्या देत नाही, न चाळलेल्या कणकेत चोथा काही कमी नसतो. पण भाकरी एकटी गेली नाही ना! रब्बीच्या ज्वारीत करडईच्या ओळी असायच्या, काट्यामुळं जनावर आत शिरायचं नाही, कोवळी पानं भाजीला अन् बी घाण्यावर. ज्वारी कमी झाली तशी करडई गेली, अन् १९९४ पासून पामतेलाची आयात मोकळी झाल्यावर स्वस्त तेल इतकं मिळायला लागलं की पळीनं मोजायची गरजच उरली नाही. तसंच पाथरी, घोळ, तांदुळजा, चिघळ ह्या भाज्या पेरत नव्हतं कुणी, खुरपताना बाया पदरात घेऊन यायच्या. तणनाशक आलं अन् ह्या भाज्याच तण ठरल्या. अंबाडीची भाजी, तिच्यात ज्वारीच्या कण्या घालून, हे आता लग्नाच्या मेनूत स्पेशल म्हणून ठेवतात.

अन् डब्याचं कारण तर प्रत्येक घरात आहे. भाकरी गरम गरमच चांगली, चार तासांनी डब्यात वातड होते, पोळी मऊ राहते. शाळेला, ड्युटीला पोळी गेली, मग रात्रीपण तीच. दोन पिढ्यांत थापायचा हातच गेला, आमच्या घरात एक आई सोडली तर कुणालाच परातीत भाकरी फिरवता येत नव्हती.

हे सगळं पन्नास वर्षांत हळूहळू झालंय, म्हणून एका सोमवारपासून सगळं बदलतो म्हणणाऱ्यांचं आठ दिवसांत का मोडतं ते कळतं. आम्हीपण आधी फक्त रात्रीची भाकरी धरली, तीपण आठवड्यातून दोनदा, बायको अन् मी दोघंबी आईकडून शिकलो, पहिल्या महिन्यात निम्म्या तुटल्या. उकळत्या पाण्यात पीठ मळलं की तुटत नाही हे नंतर जमलं. मग तेलाचा डबा महिन्याला केवढा संपतो ते कॅलेंडरवर लिहायला लागलो. सकाळच्या चहासोबतची खारी सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला, वर्ष गेलं त्यात.

वरून पण काही हालचाल आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ नावाची ज्वारी काढली, तिच्यात लोह अन् जस्त जास्त आहे, अन् २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्याचं म्हणून साजरं झालं. चांगलंच आहे, पण माझ्या मते रेशनच्या पोत्यात ज्वारी नियमानं आली तर ह्या सगळ्यापेक्षा जास्त फरक पडेल.

भावाला यंदा सांगून मालदांडीत करडईच्या चार ओळी टाकायला लावल्या. परवा गावाकडून येताना कोवळी पानं खुडून आणली, आईनं मुगाची डाळ घालून भाजी केली, अन् पोरानं ‘ही कुठली भाजी’ म्हणून दुसऱ्यांदा मागून घेतली.