विमानाची उंची मोजण्याची पद्धत

उडते विमान समुद्रसपाटीपासून किंवा जमिनीपासून किती वर आहे, हे ठरवण्याचे तंत्र. वैमानिकापुढचा अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, फुटांत आकडा दाखवतो खरा. पण तो उंची मोजतच नाही, बाहेरच्या हवेचा दाब मोजतो. वर जावे तसा दाब घटतो. साडेपाच किलोमीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा उरतो. पारंपरिक उंचीमापकात हवा काढून बंद केलेली पातळ धातूची डबी असते. दाब उतरला की ती फुगते आणि ती बारीकशी हालचाल दातेरी चाकांमार्फत काट्यापर्यंत पोचते. आता हिशेब संगणक करतो, तत्त्व मात्र तेच. दाब घेण्यासाठी विमानाच्या अंगावर छोटी छिद्रे असतात. २ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या बोइंग ७५७ च्या छिद्रांवर धुताना लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली. रात्रीच्या अंधारात आकड्यांवर विसंबण्याची सोय उरली नाही. विमान समुद्रात कोसळले आणि ७० जणांचा जीव गेला.

हवेचा दाब रोज, तासातासाला बदलतो. खालच्या थरात एका हेक्टोपास्कलमागे (हे दाबाचे एकक) सुमारे २७ फुटांचा फरक पडतो. म्हणून नियंत्रण कक्ष स्थानिक दाब कळवतो. वैमानिकांच्या बोलीत तो 'क्यूएनएच'. तो लावला की पुण्याच्या धावपट्टीवर उभ्या विमानाचा उंचीमापक शून्य नव्हे, तर सुमारे १,९४० फूट दाखवतो.

ठरावीक उंचीच्या वर मात्र स्थानिक दाब सोडून सगळेच १०१३.२५ हेक्टोपास्कल लावतात. 'फ्लाइट लेव्हल ३५०' म्हणजे या मानलेल्या दाबाप्रमाणे ३५,००० फूट. खरी उंची शेकडो फुटांनी वेगळी असू शकते. त्याने बिघडत नाही, कारण जवळपासच्या सर्वांची चूक सारखीच असते. या भरवशावरच २९,००० ते ४१,००० फुटांदरम्यान विमाने एकमेकांच्या वरखाली फक्त १,००० फूट अंतर राखून जातात. त्यांच्यातल्या एखाद्यानेच जीपीएसची उंची धरली, तर ती अचूक असूनही घोटाळा होईल.

उतरताना पायाखालची जमीन किती दूर, हे मात्र नेमके कळावे लागते. त्यासाठी रेडिओ उंचीमापक ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झच्या लहरी खाली सोडतो आणि त्या परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. तो साधारण २,५०० फुटांच्या आतच वापरतात. ५जीचा एक पट्टा याच लहरींच्या शेजारी येतो, म्हणून त्याने या मापकात अडथळा येईल अशी भीती होती. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत या पट्ट्यावरून वाद पेटला, तेव्हा एअर इंडियानेही तिकडची काही उड्डाणे रद्द केली होती. भारतात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दूरसंचार विभागाने धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरपर्यंत ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झची ५जी प्रक्षेपण केंद्रे उभारू नयेत असे दूरसंचार कंपन्यांना कळवले. विमानतळालगतच्या वस्त्यांत घरबसल्या ५जीचा वेग मिळण्यात जी अडचण आली, तिचे मूळ या आदेशात आहे.