बेडूकमाशाचं शेपूट आणि मेंदूतली गाठ

जुलैत जांबोटीहून कणकुंबीकडे निघालं की दोन्ही बाजूंना भाताची खाचरं तुडुंब भरलेली असतात. वाकून पाहिलं तर पाण्यात बेडूकमासे वळवळताना दिसतात. काही आठवड्यांनी त्यांना पाय फुटतात आणि शेपूट आखूड होत जातं. ते गळून पडत नाही, जागच्या जागी विरघळतं.

कशानं विरघळतं, हे १९६२ साली जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी दाखवलं. त्यांनी कोलॅजेनच्या, म्हणजे कातडी-हाडांना बळकटी देणाऱ्या प्रथिनाच्या, दुधाळ जेलीवर शेपटाचा तुकडा ठेवला. तुकड्याभोवतीची जेली निवळत गेली, कारण त्यातून झिरपणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, कोलॅजेन कापत होतं. प्रथिनं कापणाऱ्या अशा विकरांचं पुढे एक मोठं कुटुंबच सापडलं. त्यांना मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, थोडक्यात एमएमपी म्हणतात. प्रत्येकाच्या धारेपाशी जस्ताचा एक अणू असतो.

हे मी शोधून वाचलं ते आत्यामुळे. तिच्या मेंदूत ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे कर्करोगाची एक गाठ, निघाला. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "दिसली तेवढी गाठ काढलीय." त्या 'तेवढी'वर आमच्यापैकी कुणीच थांबलं नाही. सात महिन्यांनी गाठ पुन्हा आली, जुन्या जागेच्या काठालाच.

ही गाठ मेंदूबाहेर क्वचितच जाते, पण मेंदूच्या आत दूरवर मुळं सोडते. १९२८ मध्ये सर्जन वॉल्टर डँडी यांनी काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धा भाग काढला, तरी रोग हटला नाही. पेशींच्या मधल्या जागेत शर्करा आणि प्रथिनांचं दाट जाळं असतं. गाठीच्या काठावरच्या पेशी एमएमपी-२, एमएमपी-९, कॅथेप्सिन बी अशी विकरं सोडून ते जाळं कापतात आणि वाट काढत पुढे सरकतात. खेकडा बांधाला आतून बीळ पाडतो आणि वरून बांध धड दिसतो, तसंच हे. त्या विखुरलेल्या पेशी स्कॅनवर दिसत नाहीत.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. मेंदूची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींनाही गाठ फितवते. त्यांच्या अंगावर एमएमपी-१४ उगवतं आणि ते निद्रिस्त एमएमपी-२ला जागं करतं. घरचाच राखणदार चोराला दार उघडून देतो.

निपाणीच्या काकांनी पपईच्या पानांचा रस आणला होता. मटणाला कच्ची पपई चोळली की ते लवकर शिजतं, कारण पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं, हे खरं. पण पपेन स्वतःही प्रथिनच. प्यायल्यावर ते पोटातच पचू लागतं, मेंदूतल्या गाठीवर ते इलाज करत नाही. आणि ही विकरं प्रथिनंच असली तरी डाळ-अंडी खाल्ल्यानं ती वाढतात असंही नाही. रुग्णाला पोटभर जेवू द्या.

मग विकरांची ही कात्री बंदच का करू नये? मॅरिमास्टॅट या औषधानं तेच करून पाहिलं. ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही, सांधे मात्र दुखले, आखडले. जखम भरायला, हाडं घडायला हीच विकरं लागतात, सरसकट अडवून चालत नाही.

म्हणून आता एकेक कात्री वेगळी करून पाहिली जाते. चेतापेशी काम करतात तेव्हा एडॅम-१० नावाचं विकर न्यूरोलिजिन-३ या प्रथिनाचा तुकडा कापून सोडतं आणि गाठ त्यावर वाढते. उंदरांमध्ये एडॅम-१० अडवल्यावर गाठीची वाढ मंदावली. हे काम २०१७ साली प्रसिद्ध झालं. त्यानंतर मेंदूत गाठ असलेल्या मुलांमध्ये अशा औषधाची चाचणी सुरू झाली.