अमेरिकेत शेअर बाजार बदलताना: फॉर्म ८-ए, फॉर्म २५ आणि तारखांचं गणित

एखाद्या अमेरिकी कंपनीचा कॉमन स्टॉक न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर वर्षानुवर्षं लिस्टेड असला, तरी त्या नोंदणीवर तो नॅसडॅकवर लिस्ट करता येत नाही. १९३४ च्या सिक्युरिटीज एक्स्चेंज ॲक्टमधल्या कलम १२(बी)खाली होणारी नोंदणी शेअरच्या एका वर्गाची असते, आणि तीही एका ठरावीक एक्स्चेंजपुरती. एक्स्चेंज बदललं की नोंदणी नव्याने करावी लागते. कंपनी तीच, शेअर तोच आणि एसईसीकडे (अमेरिकेचा शेअर बाजार नियामक) जाणारे तिमाही-वार्षिक रिपोर्टही तेच असतात, म्हणून हे काम ‘एक फॉर्म टाकायचा’ इतकंच वाटतं. फॉर्म खरंच छोटा आहे. अडतं ते तारखांत, आणि जुन्या एक्स्चेंजवरून नाव काढण्याच्या कामात.

इथे एक गल्लत नेहमी होते. न्यूयॉर्कला लिस्टेड असलेल्या शेअरचे सौदे नॅसडॅकच्या यंत्रणेवर आजही होतात. ती सवलत एक्स्चेंजला कायद्याने मिळालेली असते. कंपनीला त्यासाठी काहीच भरावं लागत नाही. आपण बोलतोय ते लिस्टिंग हलवण्याबद्दल, म्हणजे मुख्य घर बदलण्याबद्दल.

कुणाला कोणता फॉर्म

जी कंपनी आधीपासून कलम १३ किंवा १५(डी)खाली एसईसीला रिपोर्ट देते, तिला फॉर्म ८-ए (शेअरच्या वर्गाच्या नोंदणीचा छोटा फॉर्म) पुरतो. एसईसीच्या एडगर या ऑनलाइन फाइलिंग यंत्रणेवर त्याचं नाव ‘८-ए१२बी’ असं दिसतं. जी अजून रिपोर्टच देत नाही आणि बरोबरीने पब्लिक इश्यूही आणत नाही, तिला फॉर्म १० भरावा लागतो. त्यात व्यवसायाची पूर्ण माहिती आणि ऑडिट झालेले हिशेब लागतात, म्हणजे ते काही आठवड्यांत उरकणारं काम नव्हे. रिपोर्ट देते पण वेळेवर देत नाही, अशा कंपनीने फॉर्मची काळजी नंतर करावी. आधी नवं एक्स्चेंजच तिला दारात उभं करणार नाही.

मुळात नोंदणी लागते का, हेही तपासा. नॅसडॅकचे कॅपिटल मार्केट, ग्लोबल मार्केट आणि ग्लोबल सिलेक्ट मार्केट हे तीन स्तर आहेत, पण एक्स्चेंज एकच. त्यामुळे खालच्या स्तरावरून वरच्या स्तरावर जाताना नवा फॉर्म ८-ए लागत नाही. एनवायएसई अमेरिकनवरून न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर जाताना मात्र लागतो. दोन्हींचा मालक एक असला तरी कायद्याच्या नजरेत ती दोन वेगळी एक्स्चेंज आहेत. ‘एकाच ग्रुपमधली बदली’ समजून हा फॉर्म राहून जातो. ओटीसी बाजारातून (एक्स्चेंजबाहेर, डीलरमार्फत चालणारा बाजार) वर येणाऱ्या कंपनीला ८-ए लागतो, पण फॉर्म २५ (एक्स्चेंजवरून नाव काढण्याचा) लागत नाही, कारण ओटीसी हे राष्ट्रीय एक्स्चेंज नाही आणि तिथून डीलिस्ट होण्यासारखं काही नसतं. २०२५ पासून काही कंपन्या मूळ लिस्टिंग ठेवून एनवायएसई टेक्सासवर दुसरं लिस्टिंग घेतायत. त्यांचंही तसंच: ८-ए हवा, फॉर्म २५ नको.

फॉर्म ८-ए कसा भरायचा

पहिल्या पानावर कंपनीचं सनदेत आहे तसंच नाव, स्थापनेचं राज्य, आयआरएसचा एम्प्लॉयर नंबर आणि मुख्य कार्यालयाचा पत्ता. खाली दोन रकाने: शेअरच्या वर्गाचं पूर्ण नाव आणि ज्या एक्स्चेंजवर नोंदणी करायची त्याचं पूर्ण कायदेशीर नाव. ‘नॅसडॅक’ इतकंच लिहू नका, ‘द नॅसडॅक स्टॉक मार्केट एलएलसी’ लिहा. वर्गाचं नाव दर्शनी किमतीसकट हवं. नुसतं ‘कॉमन स्टॉक’ नको, ‘क्लास ए कॉमन स्टॉक, दर्शनी किंमत ०.००१ डॉलर प्रति शेअर’ असं हवं. फॉर्ममध्ये एक नाव, एक्स्चेंज एसईसीला पाठवतं त्या लिस्टिंग-मंजुरीच्या प्रमाणपत्रात दुसरं, असं झालं की आदल्या संध्याकाळी फोनाफोनी सुरू होते.

त्याखाली चौकटी आहेत. कलम १२(बी)साठी सर्वसाधारण सूचना ए.(सी)ची चौकट भरायची. ए.(डी) ही १२(जी)साठी, म्हणजे एक्स्चेंजवर लिस्ट नसलेल्या शेअरच्या नोंदणीसाठी आहे, तिला हात लावायचा नाही. सिक्युरिटीज ॲक्टखालच्या फाइल नंबरची जागा बाजार बदलताना बहुधा ‘लागू नाही’ म्हणून सोडली जाते, कारण बरोबर कुठला इश्यू नसतो.

बाब १ म्हणजे शेअरचं वर्णन: मताधिकार, लाभांश, कंपनी गुंडाळल्यास मिळणारा वाटा, ताबा घेण्याला अडथळा करणाऱ्या तरतुदी. हे नव्याने लिहायची गरज नसते. वार्षिक रिपोर्ट १०-के बरोबर नोंदणीकृत शेअर-रोख्यांचं वर्णन परिशिष्ट म्हणून जोडावंच लागतं. त्याचा संदर्भ दिला की काम भागतं. पण त्या परिशिष्टानंतर सनदेत दुरुस्ती झाली असेल, शेअर विभागला असेल किंवा अधिकृत भांडवल वाढवलं असेल, तर जुनं वर्णन चुकीचं ठरतं. तेव्हा दुरुस्तीचा संदर्भ जोडा किंवा वर्णन नव्याने लिहा. सगळ्यात जास्त घाई इथे होते, आणि वाचणारा वकील नेमका इथेच थांबतो.

बाब २ परिशिष्टांची. नव्या एक्स्चेंजवर कंपनीचं दुसरं काही नोंदलेलं नसेल आणि नोंदणी १२(जी)खालची नसेल, तर परिशिष्टं लागत नाहीत, आणि तसं एका वाक्यात लिहून मोकळं व्हायचं. शेवटी एका अधिकृत अधिकाऱ्याची सही. या फॉर्मला एसईसीची फी नाही.

एकाहून जास्त वर्ग असतील तर जे जुन्या एक्स्चेंजवर लिस्टेड आहेत तेच हलवायचे. पॅलंटिर या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीकडे क्लास ए, बी आणि एफ असे तीन वर्ग होते, पण बाजारात होता तो फक्त क्लास ए. उलट चूकही होते. शेअरबरोबर ‘राइट्स प्लॅन’चे (कंपनीचा ताबा कुणी बळजबरीने घेऊ नये म्हणून भागधारकांना दिलेले) हक्क चिकटलेले असतील किंवा कंपनीचे बाँड त्याच एक्स्चेंजवर लिस्टेड असतील, तर त्यांची वेगळी ओळ लागते. ती राहिली की शेअर नव्या घरी आणि बाँड जुन्या घरी अशी फारकत होते.

नोंदणी लागू कधी होते? फॉर्म ८-ए दाखल होणं आणि नव्या एक्स्चेंजचं प्रमाणपत्र एसईसीकडे पोचणं, यांतलं जे नंतर घडेल तेव्हा. प्रमाणपत्र एक्स्चेंज स्वतःच एडगरवर टाकतं. एसईसीच्या मंजुरीची वाट पाहायची नसते. म्हणून ८-ए आधी टाकून ठेवला तरी प्रमाणपत्राशिवाय तो निव्वळ कागद. एक्स्चेंजच्या प्रतिनिधीकडून ‘प्रमाणपत्र अमुक दिवशी जाईल’ हे ईमेलवर घेऊन ठेवा.

जुन्या एक्स्चेंजवरून नाव काढणं

नियम १२डी२-२(सी) इथे लागू होतो. संचालक मंडळाचा ठराव करायचा, आणि फॉर्म २५ भरण्याच्या किमान १० दिवस आधी जुन्या एक्स्चेंजला कारणांसह लेखी कळवायचं. त्याच वेळी प्रसिद्धिपत्रक काढायचं आणि कंपनीची वेबसाइट असेल तर तिथेही सूचना लावायची. सूचनेत दुसऱ्या एक्स्चेंजवर लिस्टिंगची सोय केली आहे का, हे लिहावं लागतं. डीलिस्टिंग लागू होईपर्यंत ती सूचना वेबसाइटवरून काढायची नाही. वेबसाइट सांभाळणाऱ्या माणसाला हे कुणी सांगत नाही आणि तो चार दिवसांनी बातमी मागे ढकलून देतो.

मंडळाने निर्णय घेतला की कामाच्या ४ दिवसांत फॉर्म ८-के (महत्त्वाची घडामोड कळवण्याचा) जातो, बाब ३.०१ खाली. बाबीच्या नावातच ‘लिस्टिंगचं स्थलांतर’ आहे, तरी काही जण फक्त प्रसिद्धिपत्रक जोडून दुसऱ्या बाबीखाली टाकतात. ते चालत नाही.

फॉर्म २५ कंपनीने स्वतः भरायचा आणि नियमांच्या यादीतली १२डी२-२(सी)चीच चौकट भरायची. (ए) आणि (बी)च्या चौकटी एक्स्चेंजने शेअर काढून टाकण्यासाठी असतात. दाखल केल्यापासून १० दिवसांनी डीलिस्टिंग लागू होतं, आणि जुन्या एक्स्चेंजवरची १२(बी) नोंदणी ९० दिवसांनी संपते. सौदे मात्र ठरलेल्या दिवशी बंद होऊन दुसऱ्या दिवशी नव्या ठिकाणी सुरू होतात. मधल्या काळात शेअर कागदोपत्री दोन्हीकडे दिसतो, त्यात काही बिघडलेलं नसतं.

फॉर्म १५ भरू नका. तो रिपोर्ट देण्यातूनच बाहेर पडण्यासाठी आहे. डीलिस्टिंगच्या जुन्या यादीत फॉर्म २५ च्या खाली फॉर्म १५ लिहिलेला असतो, आणि ती यादी डोळे झाकून वापरली की घोटाळा होतो.

तारखा उलट्या मोजा

पॅलंटिरने १४ नोव्हेंबर २०२४ ला, गुरुवारी, न्यूयॉर्कहून नॅसडॅकवर जाण्याची घोषणा केली. शेवटचा दिवस ठरला सोमवार २५ नोव्हेंबर, आणि नॅसडॅकवरचा पहिला दिवस मंगळवार २६. मोजून पाहा: १४ पासून १० दिवस २४ ला भरतात, तो रविवार. पुढचा कामाचा दिवस २५. इतकं घट्ट वेळापत्रक चालतं, पण आठवडाभर आधी सगळे कागद तयार असतील तरच. वॉलमार्टने २० नोव्हेंबर २०२५ ला घोषणा करून ९ डिसेंबरला नॅसडॅकवर पाऊल ठेवलं. मध्ये थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती. थोडा श्वास घ्यायला जागा ठेवणं शहाणपणाचं.

एडगर न्यूयॉर्कच्या सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत उघडं असतं, पण संध्याकाळी साडेपाचनंतर टाकलेल्या फॉर्मवर सहसा पुढच्या कामाच्या दिवसाची तारीख पडते. भारतातून काम करणाऱ्यांनी हे घड्याळ भिंतीवर लावावं. उन्हाळी वेळेत तिथले साडेपाच म्हणजे आपल्याकडे पहाटेचे ३, हिवाळ्यात ४. शिवाय १५ सप्टेंबर २०२५ पासून फाइलिंगसाठी एडगर नेक्स्ट या नव्या लॉगिन व्यवस्थेची वैयक्तिक खाती सक्तीची आहेत. फाइलिंग एजंटला अधिकार सोपवलेला नसेल, तर फॉर्म तयार असून पाठवता येत नाही. हे पहिल्याच आठवड्यात तपासा.

नव्या एक्स्चेंजची अट

अर्ज, लिस्टिंग करार आणि कॉर्पोरेट गव्हर्नन्सचं प्रमाणपत्र ही तिथली मुख्य कागदपत्रं. एका राष्ट्रीय एक्स्चेंजवरून येणाऱ्या कंपनीला नॅसडॅक प्रवेश फी माफ करतं. वार्षिक फी वेगळी, ती विचारून घ्या. स्वतंत्र संचालकांची व्याख्या दोन्हीकडे सारखी वाटते, पण तंतोतंत सारखी नाही, म्हणून संचालकांकडून प्रश्नावली नव्याने भरून घ्यावी. न्यूयॉर्कला अंतर्गत ऑडिट विभाग सक्तीचा आहे, नॅसडॅकला नाही. न्यूयॉर्कहून नॅसडॅकवर जाताना हे सोपं पडतं, उलट जाताना अडतं. टिकर, म्हणजे शेअरचं छोटं नाव, सहसा तोच ठेवता येतो. पॅलंटिरचा पीएलटीआर आणि वॉलमार्टचा डब्ल्यूएमटी दोन्ही तसेच राहिले.

पहिला सौदा झाल्यावरही काम उरतं. १०-के, १०-क्यू (तिमाही रिपोर्ट) आणि ८-केच्या मुखपृष्ठावर एक्स्चेंजचं नाव असतं, आणि त्यामागे एक्सबीआरएल टॅगही (संगणकाने माहिती वाचावी म्हणून लावलेली खूण). अक्षरं बदलतात, टॅग जुनाच राहतो, ही नेहमीची चूक. कर्मचाऱ्यांच्या शेअर योजनेत ‘न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवरचा बंद भाव’ असं लिहिलेलं असेल तर तेही बदला. परतवसुली धोरणात (हिशेब चुकल्यास अधिकाऱ्यांना जादा दिलेला मोबदला परत घेण्याचं धोरण) जुन्या एक्स्चेंजचा नियम क्रमांक असतो: न्यूयॉर्कला ३०३ए.१४, नॅसडॅकला ५६०८.

भारतीय कंपनीचं उदाहरण

१९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस १९९९ पासून नॅसडॅकवर होती आणि १२ डिसेंबर २०१२ ला न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर गेली. तिथे सौदे होतात ते एडीएसचे, म्हणजे मूळ शेअरच्या जागी अमेरिकेत चालणाऱ्या डिपॉझिटरी शेअरचे. तरी अशा कंपनीला मूळ इक्विटी शेअरचीही नोंदणी करावी लागते, ‘सौद्यासाठी नव्हे, फक्त एडीएसच्या नोंदणीपुरती’ अशा शेऱ्यासह. परदेशी कंपनी ८-के ऐवजी ६-के भरते. बाकी ८-ए आणि फॉर्म २५ तसेच.

हिंजवडीत बसून अमेरिकी कंपनीचे आरएसयू (नोकरीत मोबदला म्हणून मिळणारे शेअर) बाळगणाऱ्याला यातलं काहीच करायचं नसतं. स्थलांतर म्हणजे विक्री नव्हे, त्यामुळे भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही. खरेदीची तारीख आणि किंमत तीच राहते.