ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक तापत असेल तर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पंप इंजिनची ताकद घेतो आणि ऑइलला दाब देतो. त्या दाबाने औजार उचलले गेले किंवा मोटर फिरली तर ताकद कामी आली. दाबाखालचे ऑइल काहीच काम न करता कुठून तरी निसटले, तर तेवढ्या ताकदीची उष्णता होते आणि ती ऑइलमध्येच राहते. ही निसटण्याची जागा शोधायची असते. ती न शोधता ऑइल बदलले, तर नवे ऑइलही तसेच तापते.

किती गरम म्हणजे जास्त?

चालू कामात ऑइल ४० ते ६० अंश सेल्सिअस असणे ठीक. ८० अंशांच्या वर ते सतत राहू लागले की रबरी सील कडक होतात, ऑइल काळवंडते आणि जळका वास येतो. थर्मामीटर नसेल तर लिफ्टच्या (औजार उचलणाऱ्या यंत्रणेच्या) हाउसिंगवर, म्हणजे तिच्या लोखंडी कवचावर, तळहात टेकवा. ६० अंशांच्या लोखंडावर हात चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त ठेववत नाही. होज पाइपवर मात्र हात लावून पाहू नका, कारण पुढे दिले आहे.

तापण्याची वेळही बरेच सांगून जाते. सकाळी लिफ्ट चपळ आणि दुपारी मंद, असे असेल तर आतून गळती आहे: ऑइल तापून पातळ होते, पातळ झाले की जास्त निसटते, निसटले की आणखी तापते. उलट सकाळी मंद आणि नंतर सुरळीत असेल, तर ऑइल गरजेपेक्षा जाड आहे किंवा सक्शनची (पंप ऑइल ओढतो त्या बाजूची) जाळी तुंबली आहे. एकच औजार जोडल्यावर तापत असेल तर दोष बहुधा त्या औजारात किंवा त्याच्या जोडणीत असतो.

रिलीफ व्हॉल्व्ह : सर्वांत मोठा हीटर

मिनिटाला ३० लिटर देणारा पंप घ्या आणि १८० बारला (बार हे दाबाचे माप) उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरलेल्या मर्यादेला गेला की ऑइलला परत टाकीत वाट देणारा). तो उघडा राहिला तर ३० गुणिले १८० भागिले ६००, म्हणजे ९ किलोवॉट उष्णता सरळ ऑइलमध्ये जाते. तीन किलोवॉटचे तीन गीझर टाकीत सोडल्यासारखे हे आहे. टाकीत ३० लिटर ऑइल असेल तर हिशेबाने मिनिटाला १० अंश वाढ होते. प्रत्यक्षात हाउसिंगचे लोखंड थोडी उष्णता शोषते, तरी पाच-सात मिनिटांत फरक जाणवतो.

व्हॉल्व्ह उघडा राहतो तो बहुतेक वेळा लिव्हरमुळे. ट्रॉली पूर्ण उचलली गेली, सिलिंडर टोकाला टेकला, तरी लिव्हर ओढलेलाच राहतो. काही ट्रॅक्टरांवर बाहेरच्या हायड्रॉलिकचा लिव्हर खाचेत अडकून राहतो, तो हाताने मधल्या जागी आणावा लागतो. काम झाल्यावर तो आपोआप परत आला असेल असे धरून चालू नका.

तीन पॉइंट लिफ्ट पूर्ण वर गेल्यावर घूं असा आवाज चालूच राहिला, तर लिव्हर थोडासा खाली घ्या. आवाज थांबला की व्हॉल्व्ह बंद झाला. दर वेळी असेच करावे लागत असेल तर आतल्या लिंकेजचे (जोड-दांड्यांचे) अ‍ॅडजस्टमेंट बिघडले आहे: लिफ्टचा कंट्रोल व्हॉल्व्ह न्यूट्रलला (मधल्या जागी) येण्याआधीच लिफ्टचे हात शेवटच्या थांब्याला टेकतात.

लिफ्ट कमी उचलते म्हणून रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळणे हा सर्रास चालणारा आणि सर्वांत महागात पडणारा उपाय. दाब कमी येतो तो बहुधा पंप झिजल्यामुळे. स्क्रू आवळल्याने पंप सुधारत नाही, फक्त पंप, होज आणि सिलिंडर यांच्यावर जास्त दाब पडण्याची वाट मोकळी होते. प्रेशर गेज लावल्याशिवाय त्या स्क्रूला पाना लावू नये.

ऑइल आणि सक्शन

पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून, लिफ्टचे हात खाली सोडून आणि ट्रॉलीचा सिलिंडर मिटवून पाहायची. ट्रॉली वर असताना कित्येक लिटर ऑइल सिलिंडरमध्ये असते. तेव्हा गेज पट्टी पाहून भर घातली तर ट्रॉली खाली आल्यावर ऑइल जास्त होते. जास्त ऑइलही वाईटच: गिअर ते घुसळतात, फेस होतो आणि तेही तापते.

ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचेच ऑइल भरा. गिअर, लिफ्ट आणि ऑइलमधले ब्रेक एकाच हाउसिंगमध्ये असतील तर तिन्ही कामांसाठीचे ऑइल लागते. इंजिन ऑइल किंवा नुसते हायड्रॉलिक ऑइल चालत नाही. अशा ट्रॅक्टरमध्ये ब्रेक घासत राहिले तरी हेच ऑइल तापते. म्हणून पेडलचा फ्री प्ले (ब्रेक लागण्याआधीची मोकळी चाल) बघा. चालवताना पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय असेल तर ती सोडा.

ऑइलचा रंग दुधासारखा झाला असेल तर त्यात पाणी आहे. वर फेस असेल आणि पंप कण्हल्यासारखा आवाज करत असेल, तर सक्शन बाजूने हवा शिरते आहे. पंपाच्या आधीच्या पाइपचे क्लॅम्प आणि ओ-रिंग तपासा. तिथून ऑइल बाहेर गळेलच असे नाही, पण हवा आत ओढली जाते. फेस नसेल आणि आवाज मात्र कर्कश येत असेल, तर सक्शनची जाळी तुंबल्याची शक्यता जास्त.

जुना फिल्टर टाकण्याआधी कापून उघडा. पिवळे चमकदार कण दिसले तर पंपाचे बुश झिजत आहेत, काळे रबरी तुकडे दिसले तर सील.

औजाराची जोडणी

कपलर (औजाराचा होज ट्रॅक्टरला जोडणारा जोड) अर्धवट बसला की आतली गोळी पूर्ण सरकत नाही आणि ऑइलला वाट अरुंद होते. दोन्ही भाग पुसून, लाइनमधला दाब सोडून, टक् आवाज येईपर्यंत बसवा. हायड्रॉलिक मोटर असलेल्या औजाराची परतीची लाइन जाड आणि सरळ टाकीत सोडलेली हवी. मोटरला केस ड्रेन (तिच्या कवचात झिरपलेले ऑइल बाहेर नेणारा पाइप) असेल तर तोही वेगळा टाकीतच; त्यात दाब साठला की शाफ्टचे सील फुटते.

कडक जमिनीत ड्राफ्ट कंट्रोल (औजाराच्या ओढीनुसार लिफ्ट आपोआप वर-खाली करणारी सोय) फार संवेदनशील ठेवला तर लिफ्ट सारखी वर-खाली करते. तेवढ्यानेही ऑइल तापते. नॉब एक-दोन टप्पे मंद करा.

कूलर

ऑइल कूलर असल्यास हवेचा झोत नेहमीच्या वाऱ्याच्या उलट दिशेने मारा, नाहीतर भुसा जाळीत आणखी घट्ट बसतो. कूलर नसलेल्या ट्रॅक्टरमध्ये हाउसिंगच कूलरचे काम करते. त्यावरचा चिखल आणि भुशाचा थर गोधडीसारखा उष्णता धरून ठेवतो.

नेमकी जागा शोधणे

यासाठी लांबून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. चकचकीत धातूवर तो खोटे, कमी तापमान दाखवतो, म्हणून मोजायच्या जागी काळी चिकटपट्टी लावा. ट्रॅक्टर कामात तापू द्या, मग पंपाचा इनलेट, आउटलेट, कंट्रोल व्हॉल्व्ह आणि प्रत्येक परतीचा पाइप मोजा. १८० बारचा दाब काम न करता उतरला तर ऑइल एका फेरीत साधारण १० अंशांनी तापते. त्यामुळे ज्या पाइपमध्ये पुढच्या बाजूला असा फरक अचानक दिसतो, त्याच्या अलीकडे गळती आहे.

लिफ्टसाठी आणखी एक चाचणी: वजनदार औजार वर उचला, इंजिन बंद करा, जमिनीपासून उंची मोजा आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. औजार स्पष्टपणे खाली आले, किंवा इंजिन चालू असताना लिफ्टचे हात मान डोलावल्यासारखे सारखे वर-खाली होत असतील, तर लिफ्टच्या पिस्टनचे सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गळतो आहे. उंची बाजूला उभे राहून मोजा. उचललेल्या औजाराखाली किंवा ट्रॉलीखाली टेकण लावल्याशिवाय कुणीही जायचे नाही.

होज पाइपला हात का नको? सुईएवढ्या छिद्रातून येणारी ऑइलची धार दिसतही नाही आणि कातडीतून आत शिरते. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. धार लागलीच तर जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी त्याच क्षणी रुग्णालयात जा आणि दाबाखालचे ऑइल शिरले आहे हे डॉक्टरांना सांगा. थांबल्यास बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते.

आमच्याकडे आणताना

किती वेळाने तापते, कोणते औजार जोडलेले असते, आवाज कसा येतो आणि शेवटचे ऑइल कोणत्या ग्रेडचे, किती तासांपूर्वी भरले, एवढे लिहून आणा. सोबत स्वच्छ, कोरड्या, पारदर्शक बाटलीत पाव लिटर ऑइल घ्या. ते काम थांबवल्याबरोबर काढा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरमध्ये पाणी आणि कचरा तळाला बसतो आणि वरचे ऑइल उगीच स्वच्छ दिसते.