चकमकी रायफल: आधी ओळख, मग तेल

अमेरिकेतल्या हार्पर्स फेरी इथल्या सरकारी कारखान्याची १८०३ची चकमकी रायफल, म्हणजे चकमकीच्या ठिणगीने उडणारी बंदूक, लांबूनही ओळखू येते. दस्त्याचं लाकूड नळीच्या अर्ध्यापर्यंतच जातं. नळी मागे अष्टकोनी, पुढे गोल. कुंद्यावर पितळी झाकणाचा कप्पा असतो. गोळीभोवती गुंडाळायच्या तेलकट चिंध्या त्यात राहत. नळीचा आतला व्यास ०.५४ इंच, म्हणजे साधारण पावणेचौदा मिलिमीटर. १८०३ ते १८०७ या पहिल्या फेरीत नळी ३३ इंचांची होती, १८१४नंतरच्या फेरीत ती ३६ इंच झाली. मधल्या काळातलं साल लॉकच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या, पाटीवर दिसलं, तर ती पाटी दुसऱ्या बंदुकीवरून आलेली असल्याची शंका घ्यावी. १८१७ची रायफल वेगळीच: लाकूड जवळजवळ तोंडापर्यंत, नळीवर तीन कडी, पितळेऐवजी लोखंडी साज.

खरी फसवणूक लॉकमध्ये असते. पुढे यातल्या असंख्य रायफली टोपीवर, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर, उडणाऱ्या केल्या गेल्या. त्यासाठी रंजकाचं (ठिणगी झेलणाऱ्या दारूचं) भांडं कापलं, चकमक जिच्यावर आपटते ती पोलादी पट्टी काढली आणि तिच्या स्क्रूंची भोकं बुजवली. आज चकमकी बंदुकीला जास्त भाव मिळतो, म्हणून विक्रेते हे सुटे भाग नव्याने बसवतात. लॉक उतरवून पाटीची आतली बाजू तिरप्या उजेडात पाहावी. बुजवलेल्या भोकांची वर्तुळं तिथे दिसतात. नळीच्या कानात, म्हणजे आग आत नेणाऱ्या छिद्रात, बाहेरून बसवलेली बारीक नळकांडी दिसली, तर तो कान आधी मोठा केलेला होता. टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटपासून क्लोराइड उरायचं, ते ओल धरून लोखंड कुरतडायचं. त्यामुळे कानाच्या वरच्या अंगाला खोल खड्डे आणि शेजारचं भांडं मात्र गुळगुळीत, ही जोडी जमत नाही.

काहीही उघडण्यापूर्वी नळीत लाकडी काठी घालून मोजावं. काठी कानाच्या बऱ्याच अलीकडे थांबली, तर आत गोळी आणि दारू असू शकते. दोनशे वर्षांची काळी दारूसुद्धा पेटते. अशा वेळी काम थांबवून बंदूक जाणकाराकडे द्यावी.

लॉक काढताना पाटीखाली काही खुपसू नये, लाकडाची कड हमखास तुटते. घोडा, म्हणजे चकमक धरणारा भाग, अर्ध्यावर ओढून ठेवून बाजूचे स्क्रू काही फेरे सैल करावेत आणि त्यांच्या डोक्यांवर हलकेच ठोकावं. पाटी सरळ बाहेर येते. स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसेल असं घासून घ्यावं. प्रत्येक स्क्रू त्याच्याच भोकात परत जायला हवा, कारण आटे एकसारखे नसतात. मोठी स्प्रिंग शिकंजातच दाबून काढावी. पक्कड लावली की ती निसटते किंवा मोडते.

लाल भुकटीसारखा गंज ओल धरतो आणि वाढत राहतो. घट्ट काळपट थर बहुधा स्थिर असतो. पातळ तेल दोन-तीन दिवस मुरवून तांब्याच्या पट्टीच्या कडेने खरवडलं की लाल गंज निघतो आणि काळा थर राहतो. तांबं मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. ॲसिड किंवा विजेने गंज काढायची टाकी वापरू नये. धातू पांढरा पडतो आणि उथळ ठसे पुसट होतात.

लाकूड अक्रोडाचं असतं. त्यावर पॉलिशपेपर फिरवला की तपासनिसाचा ठसा पहिल्यांदा जातो. उकळलेलं जवसाचं तेल परंपरेने लावतात खरं, पण ते दर थराला काळवंडतं आणि पुढे निघत नाही. लाकूड आणि धातू दोन्हींना मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा एक पातळ हात पुरतो.

पोलादी पट्टीवर ठिणगी पडत नसेल तर चकमकीला दोष देण्याआधी पट्टी तपासावी. चकमक पोलादाचे सूक्ष्म कीस काढते आणि घर्षणाने तापलेले तेच कीस हवेत जळतात. कडक केलेला वरचा थर झिजला की चकमक नुसते चरे पाडते. प्रदर्शनातल्या मूळ बंदुकीची पट्टी पुन्हा कडक करायला भट्टीत घालू नये. उष्णतेने ती वाकते, तडकते, आणि जुना रंग जातो.