अनुदानाच्या मागण्या, सामाजिक सेवांच्या

शिक्षण, आरोग्य, पोषण, मागासवर्गीयांचे कल्याण, निराधारांना अर्थसाहाय्य इ. कामांवर राज्य शासनाला करावयाच्या खर्चास विधानसभेची संमती मागणारे प्रस्ताव आणि ते तपासण्याची पद्धत. प्रस्तुत नोंद मुख्यतः महाराष्ट्र विधिमंडळापुरती आहे. संविधानाच्या अनुच्छेद २०२ ते २०७ मध्ये राज्यांच्या वित्तीय कार्यपद्धतीची चौकट दिलेली असून तपशील सभागृहाच्या नियमांत आढळतो. राज्याच्या एकत्रित निधीतून होणारा खर्च ‘भारित’ (मतदानाविना होणारा) आणि ‘दत्तमत’ (सभागृहाच्या मताने मंजूर होणारा) असा दोन प्रकारचा असतो. कर्जावरील व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन यांसारख्या भारित खर्चावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. सामाजिक सेवांचा जवळजवळ सर्व खर्च दत्तमत आहे. म्हणजे व्याजाचा रुपया आपोआप सुटतो आणि विधवेच्या मानधनाचा रुपया दरवर्षी नव्याने मागावा लागतो.

लेख्यांच्या वर्गीकरणात सामाजिक सेवा हा स्वतंत्र विभाग आहे. महसुली खर्चातील त्याची प्रधान लेखाशीर्षे (खर्चाच्या वर्गांना दिलेले सांकेतिक क्रमांक) २२०२ (सामान्य शिक्षण) पासून सुरू होतात. कल्याणाच्या दृष्टीने महत्त्वाची शीर्षे म्हणजे २२१० (वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य), २२२५ (अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग व अल्पसंख्याकांचे कल्याण), २२३५ (सामाजिक सुरक्षा व कल्याण) आणि २२३६ (पोषण). मागण्यांची मांडणी मात्र लेखाशीर्षांप्रमाणे नसून विभागवार असते. महाराष्ट्रात प्रत्येक विभागाला रोमन लिपीतील एक अक्षर दिलेले आहे. सामाजिक न्याय विभागाच्या मागण्या ‘एन’, आदिवासी विकासाच्या ‘टी’ व महिला आणि बालविकासाच्या ‘एक्स’ या अक्षराखाली येतात. त्यामुळे एकाच लेखाशीर्षाचा पैसा दोन-तीन मागण्यांत विखुरलेला सापडतो आणि ‘कुपोषणावर एकूण किती?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर एका पानावर मिळत नाही.

उगम : या छाननीचा आरंभ केव्हा धरावा, याविषयी एकमत नाही. १८६१ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या मुंबईच्या विधानपरिषदेला अर्थसंकल्पाशी कर्तव्य नव्हते. १८९२ च्या कायद्याने वार्षिक वित्तीय विवरणावर चर्चा करण्याची मुभा मिळाली, मतदानाची नाही. १९०९ च्या सुधारणांनंतर ठराव मांडता येऊ लागले, पण ते शासनावर बंधनकारक नव्हते. काही लेखक १८९२ हेच आरंभवर्ष मानतात. गोपाळ कृष्ण गोखले यांची अर्थसंकल्पावरील भाषणे याच चौकटीत झाली, हे त्यांच्या बाजूचे प्रमाण. परंतु मत नाकारण्याचा अधिकार नसलेली चर्चा ही छाननी नव्हे, असे मानणाऱ्यांचा पक्ष अधिक सबळ वाटतो. त्या हिशेबाने १९१९ च्या भारत सरकार कायद्यान्वये १९२१ मध्ये कामास लागलेले प्रांतिक कायदेमंडळ हा आरंभ ठरतो. अनुदानाच्या मागण्यांवर प्रांतात मतदान होऊ लागले ते तेव्हापासून.

या कायद्यातील द्विदल राज्यपद्धतीचा एक परिणाम दुर्लक्षिला जातो. शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य, शेती, अबकारी (मुख्यतः दारूवरील कर) इ. विषय ‘सोपीव’ ठरवून लोकांना जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे दिले गेले, तर वित्त, पोलिस, जमीनमहसूल हे विषय ‘राखीव’ राहिले. म्हणजे कल्याणाची खाती एकाकडे व तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे. राखीव विषयावरील मागणी कायदेमंडळाने नाकारली, तरी तो खर्च आवश्यक असल्याचे प्रमाणित करून गव्हर्नर ती पुन्हा कायम करू शकत असे. सोपीव खात्यांना असे कवच जवळजवळ नव्हते. त्यांच्या हाती असलेले मोठे उत्पन्न म्हणजे अबकारी, आणि दारूबंदीची मागणी करणारे सभासदच शाळांसाठी पैसा मागत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सभासद झाल्यावर मार्च १९२७ मध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. शिक्षणावरचा दरडोई खर्च अवघा १४ आणे असल्याकडे त्यांनी लक्ष वेधले आणि जनतेकडून अबकारीपोटी जेवढे घेता तेवढे तरी तिच्या शिक्षणावर खर्च करा, अशी मागणी केली. खर्चाची एक बाब उत्पन्नाच्या एका बाबीशी ताडून पाहण्याची ही रीत पुढे सामाजिक सेवांवरील चर्चेत रूढ झाली. मागासवर्गीयांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी १९२८ मध्ये नेमलेली स्टार्ट समिती व तिच्या १९३० च्या अहवालानंतर उभे राहिलेले मागासवर्ग खाते हे आजच्या सामाजिक न्याय विभागाचे पूर्वरूप मानले जाते. १९३५ च्या कायद्याने प्रांतांतील द्विदल पद्धती संपविली. संविधानातील आजच्या तरतुदींचा सांगाडा बव्हंशी त्याच कायद्यातला आहे.

कपात सूचना : अनुच्छेद २०३ प्रमाणे विधानसभा मागणीस संमती देऊ शकते, ती नाकारू शकते किंवा रक्कम कमी करून देऊ शकते. वाढवू शकत नाही. राज्यपालांच्या शिफारशीखेरीज कोणतीही मागणी मांडताच येत नाही, त्यामुळे खर्च सुचविण्याचा अधिकार व्यवहारात मंत्रिमंडळाकडेच राहतो. चर्चेचे साधन म्हणजे कपात सूचना. तिचे तीन प्रकार सांगितले जातात : धोरणालाच विरोध असल्यास मागणी एक रुपयावर आणण्याची सूचना, काटकसरीसाठी ठरावीक रक्कम कमी करण्याची सूचना आणि विशिष्ट गाऱ्हाणे मांडण्यासाठी १०० रुपयांची प्रतीक कपात.

सामाजिक सेवांच्या बाबतीत या साधनाची घडण उलटी पडते. गृह विभागाचा खर्च जास्त आहे असे म्हणणारा सभासद कपात मागतो, हे समजण्यासारखे आहे. पण निराधारांचे मानधन अपुरे आहे, आश्रमशाळेत गाद्या नाहीत, वसतिगृहाचा निर्वाह भत्ता थकला आहे, असे म्हणणाऱ्यालाही ‘मागणी १०० रुपयांनी कमी करण्यात यावी’ अशीच सूचना द्यावी लागते. कमी म्हणून अधिक मागायचे. नव्या आमदारांना हे चमत्कारिक वाटते आणि मतदारसंघात समजावून सांगणे त्याहून अवघड जाते. शिवाय कपात सूचना मंजूर होणे हा सरकारवरील अविश्वास समजला जात असल्याने ती बहुधा मंत्र्यांच्या उत्तरानंतर मागे घेतली जाते किंवा आवाजी मतदानाने फेटाळली जाते. तिचे फळ कपातीत नसते. मंत्री उत्तरादाखल जे आश्वासन देतात ते कामकाजाच्या नोंदीत येते आणि आश्वासन समितीकडे जाते, हेच तिचे फळ. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू असून तिचे मासिक मानधन २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाले. अशा वाढी आदेशान्वये होतात. सभागृहातील मागणी व वाढ यांतील कार्यकारणसंबंध दाखविणे कठीण असले, तरी तो मुळीच नसतो असे म्हणणे धाडसाचे होईल.

चर्चेसाठी ठरविलेले दिवस संपले की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकत्र मताला टाकल्या जातात. यालाच गिलोटीन म्हणतात. कोणत्या विभागांवर चर्चा व्हावी हे कामकाज सल्लागार समितीत ठरते. मागण्या संमत झाल्यावर त्या रकमा एकत्रित निधीतून काढण्याचा अधिकार देणारे विनियोजन विधेयक येते. विधानपरिषदेला मागण्यांवर मतदानाचा अधिकार नाही. धनविधेयकही ती १४ दिवसांपलीकडे अडवू शकत नाही.

पुनर्विनियोजन व उपयोजना : मंजूर रक्कम एका मागणीच्या आत एका शीर्षाखालून दुसऱ्या शीर्षाखाली नेणे यास पुनर्विनियोजन म्हणतात. ते वित्त विभागाच्या संमतीने होते. एका मागणीतून दुसऱ्या मागणीत पैसा नेणे मात्र या मार्गाने शक्य नाही, त्यासाठी सभागृहाकडे यावे लागते. अनुसूचित जाती घटक कार्यक्रम व आदिवासी उपयोजना (या समाजांसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा ठेवावयाचा निधी) यांच्याबाबत हा तांत्रिक भेद कळीचा ठरतो. या तरतुदी ओळखता याव्यात म्हणून लेख्यांत त्यांना अनुक्रमे ७८९ व ७९६ ही गौण शीर्षे दिलेली आहेत, आणि आकडे मांडणारा अभ्यासू सभासद हे दोन क्रमांक धरूनच पुस्तके चाळतो. राज्याच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ टक्के व जमातींचे ९.३५ टक्के आहे. द. म. सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर १९९३-९४ पासून राज्याच्या वार्षिक योजनेच्या ९ टक्के रक्कम आदिवासी उपयोजनेस देण्याचे व तिचे नियोजन आदिवासी विकास विभागाकडे सोपविण्याचे धोरण आले.

वाद उरतो तो कोणता खर्च या हिश्शात धरावा याविषयी. एक मत असे, की सर्वांसाठीच्या योजनेतील अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांवरचा खर्च ७८९ व ७९६ खाली दाखविणे वैध आहे. दुसरे मत असे, की उपयोजना ही तूट भरून काढण्यासाठी असल्याने सर्वसाधारण योजनेचा भार तिच्यावर टाकणे म्हणजे हेतूला बगल देणे होय. २०२५ मध्ये ‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी व आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी रुपये वर्ग झाल्यावर हाच वाद पुन्हा उद्भवला आणि खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. लेखाशास्त्राच्या दृष्टीने पहिले मत टिकू शकते. उपयोजनेच्या मूळ संकल्पनेशी दुसरे अधिक जुळते. आंध्र प्रदेश व कर्नाटक यांनी २०१३ मध्ये उपयोजनांच्या निधीसाठी स्वतंत्र कायदे केले. तशा कायद्याची मागणी महाराष्ट्रातही होत आली आहे.

पुरवणी मागण्या : अर्थसंकल्पात नसलेली ‘नवीन बाब’ हाती घ्यावयाची असल्यास किंवा तरतूद अपुरी पडल्यास अनुच्छेद २०५ अन्वये पुरवणी मागणी येते. पैसा त्याच मागणीत शिल्लक असून केवळ संमती हवी असेल, तर नाममात्र रकमेची मागणी ठेवतात. मुंबईतील पावसाळी व नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात या मागण्या नेमाने येतात. २०२४ मध्ये निवडणुकीमुळे फेब्रुवारीत लेखानुदान (काही महिन्यांच्या खर्चापुरती आगाऊ संमती) घेऊन पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला मांडण्यात आला. त्यानंतर पंधरवड्याच्या आतच ९ जुलै रोजी सुमारे ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यांत लाडकी बहीण योजनेसाठी २५,००० कोटी रुपये होते. सुमारे ६ लाख १२ हजार कोटींच्या अर्थसंकल्पाला लगेच एवढी पुरवणी जोडली जाणे असाधारण होते. योजनेचा वार्षिक खर्च ४६,००० कोटी अपेक्षिला होता. २०२५-२६ साठी प्रत्यक्षात ३६,००० कोटींची तरतूद झाली. पुरवणी मागण्यांवरील चर्चेला वेळ थोडा मिळतो आणि नियमाने ती पुरवणी बाबींपुरतीच असावी लागते, म्हणून मोठी सामाजिक योजना या वाटेने आल्यास तिची छाननी उथळ राहते.

समित्या : संसदेत १९९३ पासून विभागनिहाय स्थायी समित्या मागण्या मतदानापूर्वी तपासतात. केरळ विधानसभेत विषय समित्यांची पद्धत १९८० पासून आहे. महाराष्ट्रात मागण्यांची चर्चा परंपरेने सभागृहातच होत आली असून समित्यांचा भर खर्चानंतरच्या तपासणीवर आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल लोकलेखा समितीकडे जातात. मार्चअखेर घाईने काढलेला निधी, न आलेली उपयोगिता प्रमाणपत्रे, अखर्चित रकमा उशिरा समर्पित (परत) करणे हे या अहवालांतले नेहमीचे विषय. यांखेरीज अंदाज समिती, अनुसूचित जाती कल्याण समिती, अनुसूचित जमाती कल्याण समिती, महिला व बालकांचे हक्क व कल्याण समिती इ. समित्या आहेत. त्यांत दोन्ही सभागृहांचे सभासद असतात. पंचायती राज समिती (पीआरसी) जिल्हा परिषदांची झडती घेते. तिचा दौरा जाहीर झाला की जिल्हा परिषदेत जुन्या नस्त्या शोधण्याची जी धावपळ उडते, ती पाहता ‘पीआरसी’चा धाक अहवालापेक्षा दौऱ्याचाच अधिक, असे म्हणावे लागते.

रोजगार हमी योजना समिती ही महाराष्ट्राची खास समिती. योजनेचे जनक वि. स. पागे हे १९६० ते १९७८ या काळात विधानपरिषदेचे सभापती होते. मागणीवर मत देऊ न शकणाऱ्या सभागृहाच्या सभापतींनी राज्याच्या खर्चावरचा सर्वांत ठळक हक्क घडविला, हा योग नोंदविण्याजोगा आहे. योजनेचा आरंभ कोणी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात झालेल्या प्रयोगापासून धरतात, तर कोणी १९७२ पासून. राज्यव्यापी हमी या अर्थाने १९७२ हे वर्ष अधिक ग्राह्य दिसते. कायदा १९७७ चा असून तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्याची वित्तव्यवस्था वेगळी होती : व्यवसाय कर व इतर काही कर-अधिभार यांचे उत्पन्न रोजगार हमी निधीत जमा करून तेवढीच भर राज्याने घालावयाची. निधी कायद्याने राखून ठेवलेला असला, तरी त्यात रक्कम वर्ग करण्यासाठी विनियोजन लागतेच. जमा झालेला कर व निधीत पोचलेली रक्कम यांचा मेळ हा त्यामुळे तपासणीचा विषय ठरला.

गोव्याच्या विधिमंडळात विधानसभा हे एकच सभागृह असून विभागवार मागण्या व कपात सूचना हा तेथील अर्थसंकल्पीय कामकाजाचा मोठा भाग असतो. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना व गृह आधार या योजनांचे अर्थसाहाय्य वेळेवर न मिळण्याच्या तक्रारी तेथे या निमित्ताने मांडल्या जातात.